कोल्हारचा पॅनमन आणि जगाचे पान

जिल्हा दैनिकात जगाचे पान सांभाळणाऱ्या माणसाची कार्यालयात फारशी चौकशी होत नाही. सत्कार, उद्घाटने, कालव्याची आवर्तने, अपघात, बाजारभाव यांची पाने आधी लागतात. ऐनवेळी मोठी जाहिरात आली, की पहिली कात्री जगाला लागते. मोटारसायकलच्या दसरा ऑफरखाली अर्धा युरोप गेलेला मी पाहिला आहे. नगरच्या अशाच एका दैनिकात निवृत्त होईपर्यंत हे पान माझ्याकडे होते.

आधी काम सांगतो. वृत्तसंस्थांचा इंग्रजी मजकूर दिवसभर येत राहतो. तो आता संगणकावर येतो, तरी डेस्कवर त्याला तारच म्हणतात. त्यातून मोजक्या बातम्या निवडायच्या, मराठीत आणायच्या, निम्म्या करायच्या, गावांची नावे नकाशावर तपासायची. आमच्या एका जुन्या संपादकांनी नियम घालून दिला होता, की परदेशाच्या प्रत्येक बातमीत एक वाक्य असे हवे, ज्यामुळे जिल्ह्यातल्या माणसाला ती बातमी आपल्या दारात आलेली दिसेल. त्याला डेस्कवर 'नगरचे वाक्य' म्हणत. खत, कांदा, डिझेल, पोरांचे व्हिसा, नागापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग, यांतून ते बहुतेक वेळा सापडे. सापडले नाही, तर बातमीची जागा दुसऱ्या बातमीला जाई.

परराष्ट्र धोरण हा शब्द जड आहे, गोष्ट तेवढी जड नाही. देशाला बाहेरच्या जगाकडून मोजकेच हवे असते. सीमा शांत राहाव्यात, आपला माल विकला जावा आणि लागेल तो मिळावा, बाहेर गेलेली आपली माणसे धड असावीत, चार देशांत आपला शब्द ऐकला जावा. ते मिळवायची साधनेही मोजकीच असतात. बोलणे, देणे, देणे थांबवणे आणि कशानेच भागले नाही तर सैन्य. यातले बोलणे सर्वांत जास्त वापरले जाते आणि छापायला सर्वांत अवघड असते. खरे बोलणे बंद दाराआड होते. तारेवर येते ते एवढेच, की चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात झाली.

वाचक मात्र थेट मुद्द्यावर येत. कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा मिरजगावहून एका शेतकऱ्याचा फोन आला.

"साहेब, आपलं कुन्या देशासंगं भांडन झालंय का?"

भांडण नाही, म्हटले. इथले भाव वाढू नयेत म्हणून बंदी आहे.

"मग तुमच्या पानावर तर हाय, शेजारच्या देशाला कांदा धाडला म्हनून."

तो सरकारने ठरवून दिलेला तेवढाच. मैत्री म्हणून.

"आसं. म्हंजी कांदा माझा आन् मैत्री सरकारची. बरं, त्यास्नी आवडला का?"

हे मला विचारायला सुचले नव्हते. तारेवरही नव्हते.

दुसरे एक गिऱ्हाईक शहरातले निवृत्त शिक्षक होते. त्यांनी हयातभर नागरिकशास्त्र शिकवले होते आणि परराष्ट्र धोरणाची उद्दिष्टे ते एका दमात म्हणून दाखवत. दर आठवड्याला येऊन ते एखाद्या देशाला धडा शिकवण्याची मागणी करत. "नुसता निषेध काय करता? राजदूत परत बोलवा!" असे ते मला सांगत, जणू राजदूत माझ्या टेबलाखाली बसले होते. मग त्यांच्या नातवाला त्यातल्याच एका देशात शिकायला प्रवेश मिळाला. पुढच्या आठवड्यात गुरुजी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी काय म्हणतो, जरा सबुरीनं घ्यायला हवं." डेस्कवर कोणी हसले नाही. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. आपले माणूस तिकडे गेले की धोरण बदलते, एवढेच ते प्रामाणिकपणे सांगत होते.

ज्या घटनेसाठी हा लेख लिहायला घेतला ती अलीकडची आहे. त्या देशाचे नाव लिहीत नाही, कारण तिथे अजून शांतता नाही आणि आपली काही माणसे तिथे परत गेली आहेत.

आपला देश आफ्रिकेतल्या काही देशांना साखर कारखाने उभारायला सवलतीचे कर्ज देतो. देणे हे साधन ते असे. कर्जाबरोबर यंत्रे जातात आणि यंत्रांबरोबर ती चालवणारी माणसे. साखर पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यातून अशी पुष्कळ माणसे गेली. फिटर गेले, केमिस्ट गेले, पॅनमन गेले. पॅन म्हणजे घराएवढ्या उंचीचे बंद भांडे. उसाचा घट्ट केलेला रस त्यात हवा काढून उकळतात आणि त्याची साखर होते. साखरेचा दाणा कधी धरतो, तो कधी वाढू द्यायचा, कधी थांबवायचा, हे पॅनमन ठरवतो. भरलेला पॅन मध्येच सोडला तर आतला माल दगडासारखा बसतो. म्हणून पॅन रिकामा केल्याशिवाय जागा सोडायची नाही, ही या कामातली रीत आहे. पाळी संपली तरी, घरून बोलावणे आले तरी.

कोल्हारचा रफिक अशा एका कारखान्यात पॅनमन होता. त्याचे वडील बाबुलालभाई जिल्ह्यातल्या कारखान्यातून पॅनमन म्हणूनच निवृत्त झालेले. मुलाला काम त्यांनीच शिकवले.

त्या देशात सैन्याचे दोन गट एकमेकांवर उठले, तेव्हा रफिकचा कारखाना लढाईपासून लांब होता आणि हंगाम चालू होता. लढाई सरकत आली. आपल्या वकिलातीने भारतीयांना बाहेर काढायला बस पाठवली. बस जाईपर्यंत त्या रस्त्यावर गोळीबार करायचा नाही, असे दोन्ही गटांकडून मुश्किलीने कबूल करून घेतले होते. त्यामुळे बसला थांबायची सोय नव्हती. कारखान्यातले इतर भारतीय फाटकावर गेले. रफिकचा पॅन भरलेला होता. त्याने निरोप पाठवला, "एवढा खाली करून येतो." तो पॅन खाली करून आला तेव्हा फाटकावर बस नव्हती.

पुढे फोन बंद पडले.

बाबुलालभाई आणि त्यांची सून शबाना एसटीने नगरला आमच्या कार्यालयात आले ते त्यानंतर. कलेक्टर कचेरीत त्यांचा अर्ज घेतला होता, पण तिथे बातमी मिळत नव्हती. इथे तार येते हे बाबुलालभाईंना माहीत होते. ते जगाचे पान नेमाने वाचत. मुलगा ज्या देशात आहे त्याचा नकाशा आम्ही एकदा छापला होता, तो त्यांनी कापून भिंतीला लावला होता.

माझ्या टेबलासमोरच्या बाकावर दोघे बसले. शबाना तिशीच्या आतली, शिवणकाम करणारी. तिने आधी सासऱ्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"काका, सगळे आले. फिटर आले, केमिस्ट आले. यांचा एकट्याचा पॅन भरल्याला हुता."

"भरलेला पॅन टाकून उठत्यात व्हय?" बाबुलालभाई खाली बघत म्हणाले.

"उठत्यात, अब्बा. गोळ्या सुटल्यावर उठत्यात. ती साखर आता कोन खानार हाय तिथं?"

बाबुलालभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, मीच शिकवलंय त्याला. तिचं बरोबर हाय."

ते रोज सकाळी येऊ लागले. डेस्कला त्यांची सवय झाली. तारेवर त्या देशाचे नाव दिसले की उपसंपादक मला हाक मारण्याआधी बाकाकडे बघत. मी मजकूर वाचून त्याचा अर्थ सांगे. त्यात कारखान्याचे नाव कधीच नसे. राजधानी असे, विमानतळ असे, संयुक्त राष्ट्रांची चिंता असे. शबाना एकदा म्हणाली, "ह्यांना मोठी गावंच दिसत्यात वाटतं." वृत्तसंस्थांबद्दल याहून नेमके वाक्य मी ऐकलेले नाही.

परराष्ट्र सेवेतल्या एक बाई उमेदवारीच्या काळात काही दिवस जिल्ह्यात होत्या. तेव्हा त्या आमच्या कार्यालयात आल्या होत्या आणि अधूनमधून खुशाली विचारत. मी त्यांना फोन केला. त्यांनी माहिती काढून उलट फोन केला.

"तुमचा माणूस जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "कारखान्याच्या वसाहतीतच आहे. कारखाना एका गटाच्या ताब्यात आहे, बाहेरचा रस्ता दुसऱ्या गटाच्या. आम्ही दोघांशीही बोलतोय. घरच्यांना सांगा. पण त्याचं नाव, कारखान्याचं नाव छापू नका. आणि कोणत्याही गटाला दोष देऊ नका."

मी म्हटले, नगरचे मराठी दैनिक तिकडे कोण वाचणार?

"मोबाईलवर आता सगळ्याचं भाषांतर होतं. एका गटानं भारतीयाला अडकवून ठेवलंय, अशी एक ओळ फिरली, की तो गट म्हणेल आम्हाला बदनाम करताय. मग तो साधा कामगार राहत नाही. त्याला किंमत येते. आत्ता त्याला काही किंमत नाही, हेच चांगलं आहे."

हे शेवटचे वाक्य घरच्यांना कसे सांगायचे, हा प्रश्न होता. मी ते गाळले. बाकीचे सांगितले.

जिवंत आहे म्हटल्यावर बाबुलालभाईंनी बाकाची कड धरली. शबाना रडली नाही. तिने विचारले, "मग आनत का न्हाईत?"

ते सांगत होतो तेवढ्यात त्यांच्या भागातला एक पुढारी आत आला. माणूस वाईट नव्हता. तळमळीने आला होता. त्याने कलेक्टर कचेरीवर मोर्चा ठरवला होता आणि मोर्च्यात पुतळा जाळायचा होता.

"त्या जनरलचा फोटो द्या बरं आम्हाला. पुतळ्याला तोंड पाहिजे."

"जनरल दोन आहेत," मी म्हटले.

"आपला माणूस कुणी धरलाय?"

"धरलेला नाही. अडकला आहे."

"मग दोघांचे जाळू. एकाला वाईट नको वाटायला."

मी त्याला फोनवरचे बोलणे सांगितले आणि मोर्चा थांबवायला सांगितले. बातमीही देणार नाही, हेही सांगितले. पुढाऱ्याने शबानाकडे पाहिले. तिचा चेहरा बदललेला होता.

"तुमी बातमी दाबनार, काका?"

"सध्या देणार नाही."

"किती दिवस गप बसायचं? गप बसल्याल्या मानसाला कोन इचारतं हो? रेशनच्या दुकानात सुदिक वरडावं लागतं, तवा दोन किलो गहू मिळत्यात. आन् मी मानूस मागतीय. गप बसून मागू?"

तिचे म्हणणे चूक नव्हते. या देशात ओरडल्याशिवाय काही मिळत नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक होते. आमचे दैनिक त्याच तत्त्वावर चालते. जिल्ह्यातल्या कितीतरी पाण्याच्या टाक्या आमच्या मथळ्यांमुळे बांधल्या गेल्या आहेत. तेच दैनिक आता तिला गप्प राहायला सांगत होते.

बाबुलालभाई हळूच म्हणाले, "बेटा, दाना धरत असतो तवा वाफ वाढवायची नसती. सगळं इस्कटतं."

"ते काय साखर हायेत का, अब्बा?"

ती उठून खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर टेम्पोवाल्यांची हमरीतुमरी चालली होती. ती बराच वेळ तिकडे पाहत राहिली. मग पुढाऱ्याला म्हणाली, "दादा, मोर्चा नगं. मी म्हनते म्हनून नगं." आणि मला म्हणाली, "काका, तुमच्या शब्दावर ऱ्हाते. पन वाईट काय झालं, तर मी तुमच्या दारात येऊन बसंन. उठायची न्हाई."

मी बसा म्हटले.

त्यानंतरचे दिवस मला नीट लिहिता येत नाहीत. पान लागत होते. त्या देशाची बातमी रोज जात होती आणि रोज तिच्यात नगरचे वाक्य नव्हते. एका तरुण उपसंपादकाने विचारलेही, की नियम मोडतोय का आपण. वाक्य समोरच्या बाकावर बसलेले होते. ते छापायचे नव्हते, एवढेच.

शबाना शिवणाचे कापड पिशवीत घेऊन येई आणि बाकावर बसून बटणे लावत असे. एकदा तिने आमच्या शिपायाच्या सदऱ्याचे सुटलेले बटण लावून दिले. बाबुलालभाई दुपारच्या नमाजाला जवळच्या मशिदीत जात आणि परत येताना डेस्कसाठी भेळेचा पुडा आणत. नको म्हटले तरी आणत. "तुमी तरी किती वाचायचं आमच्यासाठी," म्हणत.

फोन आला तेव्हा ते मशिदीतच गेलेले होते. त्या बाई एवढेच म्हणाल्या, "सीमा ओलांडली. जहाजावर चढवलंय. आता छापा."

मी शबानाला सांगितले. तिच्या हातात सुई होती. तिने ती आधी कापडात नीट खोवून ठेवली.

"खरं?"

"खरं."

"अब्बांना तुमी सांगू नका," ती म्हणाली, "मी सांगते." आणि चप्पल न घालताच जिना उतरली.

आपल्या गप्प राहण्याने त्यात काही साधले का, हे मला आजही सांगता येत नाही. त्या बाईंनीही कधी तसे म्हटले नाही. इतर राज्यांतल्या वृत्तपत्रांनी नावेगावे, फोटो सगळे छापले होते आणि त्यांचीही माणसे परत आली. कदाचित आमची ओळ कोणी वाचलीच नसती. कदाचित वाचली असती. परराष्ट्र व्यवहारात बहुतेक वेळा असेच असते. जे टळले त्याची बातमी होत नाही, आणि ते कशामुळे टळले हे सिद्ध करता येत नाही. मला खंत आहे ती वेगळी. शबानाला रोज सकाळी समोर बसवून मी तिला जगाच्या गोष्टी सांगत राहिलो, आणि तिच्या नवऱ्याबद्दल ठाऊक असलेल्यातले एक वाक्य तिच्यापासून राखून ठेवले. तिला ते कळले असते तर कदाचित मोर्च्याचे बोलणे तिथेच मिटले असते. ती ते सहन करू शकली असती. मी तिला कमी लेखले.

रफिक मुंबईला उतरून पहाटे घरी पोहोचला त्या दिवशी सकाळी मी कोल्हारला गेलो. मुलाखत घ्यायची होती. प्रश्न काढून नेले होते. कसे बाहेर पडलात, कोण न्यायला आले, रस्त्यात काय पाहिले.

अंगणात पत्र्याच्या मांडवाखाली चाळीसेक माणसे बसली होती. गावातले जाणते होते, कारखान्यातले जुने सोबती होते, शेजारच्या बाया होत्या. पुढारी शाल, नारळ आणि ताशावाले घेऊन आला होता. आणि सगळे अंगण चिडीचूप होते.

दारात शबाना उभी होती.

"झोपलेत," ती कुजबुजली. "कवापासून नीट झोप न्हाई. कोन बी उठवायचं न्हाई."

"वहिनी, नुसती शाल घालतो आणि जातो," पुढारी म्हणाला.

"हळू बोला!" तिने बोट ओठांवर ठेवले. "आन् तो ताशा वाजला, तर बघा."

ताशावाल्यांनी ताशे मांडीवर पालथे घातले. पुढारी शाल मांडीवर घेऊन बसला. मीही बसलो आणि वही खिशात ठेवली. बाबुलालभाई प्रत्येकाला चहा देत होते. कप बशीवर वाजू नये म्हणून नुसते कपच देत होते. कोणाला खोकला आला तर तो उठून रस्त्यावर जाई. एका म्हाताऱ्याचा मोबाईल वाजला, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे असे पाहिले, की त्याने तो घाबरून चहात बुडवायचा बाकी ठेवला. ऊन मांडवाच्या कडेवरून आत सरकले. बाबुलालभाईंचे चहा देऊन झाले. मग तेही भिंतीला टेकून मान खाली घालून बसले. त्यांचीही बऱ्याच दिवसांची झोप राहिली होती.

दार करकरले. रफिक लुंगीवर, विस्कटलेल्या केसांनी बाहेर आला. अंगावरचे मांस गेलेले होते. त्याने अंगणभर नजर फिरवली. माना खाली घालून बसलेली माणसे, गप्प बायका, पालथे ताशे, भिंतीला टेकलेला बाप. त्याचा चेहरा उतरला.

"कोन वारलं?" त्याने घाबरून विचारले.

कोणी उत्तर दिले नाही. बोलायची मनाई होती. सगळ्यांनी शबानाकडे पाहिले.

"कोन न्हाई वारलं," ती म्हणाली, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "तुमी आलाय! तुमी!"

बाबुलालभाई दचकून जागे झाले आणि कोणी सांगायची वाट न पाहता ताशावाल्याने काठी उचलली.